किशोरवयीन मुलांबरोबर कौटुंबिक चित्रपट कसे पाहावेत

चौदा वर्षांच्या मुलाला समोर बसवून ‘हल्ली आपलं पटत नाही, जरा बोलूया’ असे म्हटले, तर तो खोलीचे दार लावून घेण्याचीच शक्यता अधिक असते. तोच मुलगा पडद्यावरची एखादी आई मुलाला न विचारता त्याचे गाव बदलते तेव्हा मात्र त्या आईविषयी बराच वेळ आणि बरेच तिखट बोलू शकतो. कौटुंबिक चित्रपट मुलांबरोबर पाहण्याचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडाथोडका नाही: घरातल्या दोघांनाही ज्याच्याविषयी मोकळेपणाने बोलता येईल असे तिसरे माणूस दोन तासांसाठी घरात येते. ते पडद्यावरचे असल्यामुळे त्याचा राग करता येतो, त्याची कीव करता येते, त्याला चूक ठरवता येते, आणि त्यातले काहीही घरातल्या कोणाला लागत नाही. पालकाने त्या माणसाकडे बोट दाखवून ‘बघ, शिक काही’ असे म्हटले की ही सोय त्या क्षणी संपते. येथे दिलेल्या बहुतेक सूचना तो क्षण टाळण्यासाठी आहेत.

कोणत्या प्रकारचे चित्रपट अभिप्रेत आहेत, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘किल्ला’ची कथा दोन ओळींत संपते. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील वारले आहेत, सरकारी नोकरीत असलेल्या आईची बदली कोकणात झाली आहे, आणि पुणे सोडून आलेल्या या मुलाला नव्या शाळेत, नव्या मित्रांत रुळायचे आहे. तो आईवर रुसला आहे, परंतु हा रुसवा बदलीचा आहे की वडिलांच्या जाण्याचा, हे त्याला स्वतःलाही उलगडलेले नाही. तिकडे आई कार्यालयात एका वेगळ्याच दबावाखाली आहे आणि ते ती घरी आणत नाही. दोघांनाही एकमेकांचे अर्धेच दिसते आणि प्रेक्षकाला मात्र दोन्ही अर्धे दिसतात. चित्रपटाचा सगळा जीव या फरकात आहे. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला ‘क्रिस्टल बेअर’ मिळाले, आणि तो पुरस्कार देणारे परीक्षक मंडळ मुलांचेच असते, ही गोष्ट ‘हे मोठ्यांचे संथ चित्रपट आहेत’ अशी तक्रार करणाऱ्या मुलाला सांगण्यासारखी आहे.

निवड करताना

सर्वप्रथम प्रमाणपत्र पाहावे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’ या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, आणि ओटीटी मंचांवर अशाच प्रकारची वयोगटांची विभागणी २०२१ च्या नियमांपासून लागू आहे. तथापि प्रमाणपत्रावर विसंबून राहू नये. हिंसा, शिवीगाळ आणि लैंगिक दृश्ये यांचा अंदाज त्यावरून येतो. दुःख किती झेपेल, याचा येत नाही. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये आक्षेपार्ह असे काहीच नाही, परंतु डोळ्यांच्या कर्करोगामुळे एका लहान मुलाची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार आहे, हे त्याला सांगायचे कसे, या प्रश्नाभोवती तो फिरतो, आणि हळव्या मनाच्या बारा वर्षांच्या मुलीला हाणामारीच्या एखाद्या चित्रपटापेक्षा तो कितीतरी जड जाऊ शकतो. म्हणून पालकाने निवडलेला चित्रपट आधी एकट्याने पाहून ठेवावा. त्यात वेळ जातो हे खरे. पण मुलासोबत पाहताना स्वतःच्याच डोळ्यांत अनपेक्षितपणे पाणी आले आणि चार वाक्ये बोलता येईनात, असे झाले तर ते निस्तरण्यात अधिक वेळ जातो.

दुसरी कसोटी प्रमाणपत्राहून महत्त्वाची आहे. ज्या चित्रपटातले आईवडील आरंभापासून अखेरपर्यंत बरोबरच असतात, तो चित्रपट या वयाच्या मुलाबरोबर प्रथम पाहू नये. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’ची थोरवी वादातीत आहे, सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले. परंतु आईनेच तो चित्रपट निवडून मुलाला शेजारी बसवले, तर चित्रपट सुरू होण्यापूर्वीच मुलाला हेतू कळलेला असतो आणि पुढचे दोन तास तो आपल्या बचावाची तयारी करत बसतो. तो मागाहून, मुलाने स्वतः विचारले तर पाहावा. आरंभी असा चित्रपट घ्यावा ज्यात मोठी माणसेही अडखळतात, खोटे बोलतात, उशिरा शहाणी होतात. पालकाच्या निवडीत मोठ्या माणसांच्याच चुका थोड्या उघड्या पडल्या, की मुलाला त्या निवडीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

साधारण बारा ते चौदा या वयात ‘किल्ला’ सहज जमतो. सुधाकर रेड्डी यंकट्टी यांचा ‘नाळ’ही त्याच वयाला चालतो, त्यातली विदर्भातली बोली मुंबई-पुण्याच्या मुलांना आरंभी थोडी परकी वाटते, पण दहा-पंधरा मिनिटांत कान सरावतात. दत्तक घेतलेल्या मुलांच्या घरी मात्र ‘नाळ’ नुसता लावून देऊ नये, कारण आपली आई ही आपल्याला जन्म देणारी आई नाही हे कळलेल्या मुलाचीच ती गोष्ट आहे. पंधरा-सोळाच्या पुढे सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’, असगर फरहादी यांचा इराणी चित्रपट ‘अ सेपरेशन’ आणि जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ घेता येतात. शेवटचा चित्रपट मुलींच्या आयांनी तर जरूर निवडावा. घर आणि काम यांपैकी काम निवडणाऱ्या, लहान मुलीला आपल्या सासरच्यांकडे ठेवून महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाणाऱ्या सुलभा महाजनविषयी सोळा वर्षांच्या मुलीचे मत आईच्या मताहून पुष्कळदा निराळे निघते, आणि ते कोणत्या बाजूला झुकेल याचा अंदाज आधी बांधता येत नाही.

निवडीचा अधिकार आळीपाळीने असावा. एकदा पालकाने निवडावा, एकदा मुलाने. मुलाने निवडलेला चित्रपट पालकाने अखेरपर्यंत, फोन बाजूला ठेवून, नाक न मुरडता पाहिला पाहिजे. हा करार पाळला नाही, तर बाकीच्या सूचनांचा उपयोग नाही.

बैठक

परीक्षा आणि क्लास यांच्या वेळापत्रकात दोन-अडीच तासांची सलग बैठक शनिवारी रात्रीच साधते, आणि तीही जेवणे लवकर उरकली तर. जेवताना चित्रपट पाहू नये. ताटाकडे पाहताना पडद्यावरच्या चेहऱ्यावरची जी छटा निसटते, तिच्यावरच असे चित्रपट उभे असतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा नियम सर्वांना सारखा लागू करावा. आवाजाकडेही लक्ष द्यावे: ‘किल्ला’तला पाऊस आणि समुद्र टीव्हीच्या क्षीण आवाजात हरवले, तर किल्ल्यात एकट्या अडकलेल्या चिन्मयची भीती पोहोचतच नाही. सबटायटल असतील तर ते मराठी चित्रपटालाही सुरू ठेवण्यास हरकत नाही. परदेशात वाढणाऱ्या, मराठी समजणाऱ्या पण वाचू न शकणाऱ्या मुलांना इंग्रजी सबटायटलचा आधार लागतो, आणि त्यावरून त्यांना टोमणा मारला, तर ती पुढच्या वेळी बसणार नाहीत.

चालू चित्रपटात पालकाने करण्यासारखे फारसे काही नाही. न करण्यासारखे मात्र बरेच आहे. चित्रपट थांबवून स्पष्टीकरण देऊ नये. रडवेल्या प्रसंगी मुलाच्या चेहऱ्याकडे वळून पाहू नये, कारण आपण रडतो की नाही याची कोणी पाहणी करत आहे असे या वयात जाणवले, की मूल हटकून विनोद करते आणि प्रसंग जातो. मुलाने असा विनोद केलाच, तर तो गांभीर्याचा अपमान समजू नये. अवघड भावना पेलण्याची ती त्याची रीत असते. त्याने काही विचारले तर एका वाक्यात उत्तर द्यावे. ‘पुढे बघ, कळेल’ हेही उत्तर चालते.

काय पाहावे

अशा चित्रपटांत महत्त्वाची गोष्ट क्वचितच संवादात असते, आणि साहसपटांवर वाढलेल्या मुलाला नेमके हेच सवयीचे नसते. हे व्याख्यान देऊन शिकवता येत नाही. एक प्रसंग बारकाईने पाहिला की पुढचे प्रसंग मूल आपोआप तसे पाहू लागते. त्यासाठी ‘अपराजितो’सारखा दुसरा चित्रपट नाही, असे माझे मत आहे. १९५६ साली आलेल्या या चित्रपटाला पुढच्या वर्षी व्हेनिस येथे ‘गोल्डन लायन’ मिळाले. बंगालमध्ये मात्र त्याला राय यांच्याच आधीच्या ‘पथेर पांचाली’इतका प्रतिसाद मिळाला नव्हता. नवरा गेल्यावर आई सर्वजया एका लहान गावात राहते, आणि मुलगा अपू शिष्यवृत्ती मिळवून कलकत्त्याला कॉलेजात जातो. एवढेच कथानक आहे. सुट्टीत घरी आलेला अपू आडवा पडला आहे, आई जवळ बसून बोलत आहे, आणि आपण आजारी पडलो तर तू तुझ्या कमाईतून माझे औषधपाणी करशील का, असे ती विचारते. उत्तर येत नाही, कारण अपूला झोप लागली आहे. तो दुष्ट नाही, बेपर्वाही नाही. तो सतरा वर्षांचा आहे आणि प्रवासाने थकला आहे. आईही त्याला हलवून उठवत नाही. या प्रसंगी पालक आणि मूल यांच्या मनांत दोन निराळे चित्रपट चालू असतात, हे लक्षात ठेवावे: पालकाला न मिळालेले उत्तर ऐकू येते, आणि मुलाला आलेली झोप.

त्याच सुट्टीच्या अखेरीस परतीची गाडी गाठायची असताना आई त्याला वेळेवर उठवत नाही. तिचा जीव होत नाही. अपू चिडतो, घाईने निघतो, स्टेशनवर पोहोचतो, गाडी समोर येऊन उभी राहते, आणि तो तीत न चढता घरी परततो. गाडी चुकली, असे आईला सांगतो. येथे प्रेम व्यक्त झाले आहे ते खोटे बोलून, आणि मागितलेली क्षमाही त्याच खोट्यात आहे. चित्रपट संपल्यावर मुलाला एवढेच विचारावे, की आईला ते खोटे कळले असेल का. या प्रश्नाला पाठ्यपुस्तकी उत्तर नाही, आणि ते देण्यासाठी मुलाला सर्वजयाचा चेहरा पुन्हा आठवावा लागतो.

‘श्वास’मध्ये आजोबांचे मौन असेच पाहण्यासारखे आहे. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा ते कोणालाही न सांगता नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात, कारण दृष्टी जाण्यापूर्वी त्याने जग पाहून घ्यावे असे त्यांना वाटते. डॉक्टर संतापतात, आणि डॉक्टरांचा संताप चुकीचा नाही. अरुण नलावडे यांनी हे आजोबा कोठेही थोर न करता उभे केले आहेत. नियम मोडणारा एक भांबावलेला म्हातारा एवढेच त्यांचे रूप राहते, आणि म्हणूनच त्यांच्या कृतीविषयी वाद घालता येतो. नियमांवरून घरात रोज भांडणाऱ्या मुलाला या वादात विलक्षण रस वाटतो, हा माझा अनुभव आहे.

कौटुंबिक चित्रपट म्हणजे केवळ चार भिंतींतला चित्रपट, अशी समजूतही याच टप्प्यावर सैल करावी. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला बाप आपल्या मुलावर खेकसतो, त्याला डुक्कर पकडायच्या कामावर ओढून नेतो, तो बाप म्हणून कठोर आहे म्हणून नव्हे, गावाने त्याला दुसरी जागाच दिलेली नाही. त्या घरातला ताण जातिव्यवस्थेने निर्माण केला आहे, आणि जब्या व कचरू यांचे नाते ‘बापलेकांचा दुरावा’ एवढ्यावर आणून ठेवणे हा चित्रपटावर अन्याय ठरेल. मुलाने जातीविषयी थेट प्रश्न विचारले, तर ते टाळू नयेत.

बोलणे

चित्रपट संपल्याबरोबर प्रश्न विचारू नये. पाणी प्यावे, पांघरुणे आवरावीत, नामावली सरकू द्यावी. मुलाचे पहिले वाक्य पुष्कळदा ‘बोअर होता’ किंवा ‘ठीक होता’ असे असते. ते मत नसते, वेळ मागून घेणे असते. खरे बोलणे दुसऱ्या दिवशी दुचाकीवरून क्लासला सोडताना निघते, कारण त्या वेळी दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात.

प्रश्नांत मोठा फरक असतो. ‘यातून तू काय शिकलास?’ हा प्रश्न वर्ज्य समजावा. ‘तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?’ हा प्रश्न अनेक पालकांना उत्तम वाटतो, पण मुलाला तो परीक्षेसारखा वाटतो आणि तो पालकाला आवडेल ते उत्तर देऊन मोकळा होतो. त्याऐवजी, त्या वेळी कोणाला काय ठाऊक होते, हे विचारावे. ‘आई ऑफिसात कशात अडकली आहे, हे चिन्मयला कळलं असतं तर तो कमी रुसला असता का?’ अशा प्रश्नात कोणाचीच परीक्षा नाही, आणि तरीही घरात आपण एकमेकांपासून काय लपवतो याची चर्चा त्यात आपोआप सुरू होते.

‘अ सेपरेशन’ या दृष्टीने जवळजवळ अभ्यासक्रमात लावण्यासारखा आहे. तेहरानमधले एक जोडपे विभक्त होऊ पाहते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांची देखभाल करायला ठेवलेल्या बाईवरून प्रकरण न्यायालयात जाते. आणि अकरा वर्षांची तेरमेह हे सारे पाहत असते. प्रत्येक जण कधी ना कधी काहीतरी दडवतो किंवा खोटे बोलतो, आणि वडिलांना वाचवण्यासाठी अखेर तेरमेहलाही बोलावे लागते. दोघांनी मिळून कागदावर कोण काय लपवत होते आणि का, याची यादी करून पाहावी. ती करताना मतभेद झाले, तर तो प्रसंग पुन्हा लावून पाहावा. शेवटी तेरमेहला आई आणि वडील यांपैकी एकाकडे राहण्याचा निर्णय न्यायाधीशांना सांगायचा असतो, आणि तो निर्णय प्रेक्षकाला सांगितला जात नाही. तिने काय ठरवले असेल, यावर पालकाने आधी आपला तर्क सांगू नये.

मुलाने पडद्यावरच्या बापाला ‘खडूस’ म्हटले, तर त्या बापाची वकिली करण्याचा मोह आवरावा. तशी वकिली पालक जेवढी करील, तेवढे मुलाला कळते की येथे कोणा दुसऱ्याचा खटला चालू आहे. याउलट, पालकाला एखाद्या आईचे वागणे पटले नसेल, तर ते मोकळेपणाने सांगावे. मोठी माणसे मोठ्यांवरही टीका करतात, हे मुलांना घरात फारसे ऐकायला मिळत नाही.

घराच्या जवळ आले तर

काही चित्रपट घरातल्याच जखमेला स्पर्श करतात, आणि त्या वेळी आधी विचारून घेणे भाग आहे. ‘अस्तु’मध्ये संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक असलेले वडील मुलीच्या मोटारीतून उतरून एका हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. मोहन आगाशे यांनी ते ज्या निरागसपणे साकारले आहे, त्यामुळे तो पाहवतो. पण ज्या घरात आजोबांचे विसरणे सुरू झाले आहे, तेथे मुलाला विषय सांगून ‘पाहायचा का?’ असे विचारावे आणि नकार आल्यास तो मान्य करावा. विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘उड़ान’मधला बाप मुलांना मारतो, तो सोळाच्या पुढे, पालक सोबत असतानाच पाहावा.

सर्वांत अधिक सावधगिरी ‘कासव’साठी हवी. २०१६ सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नैराश्याने ग्रासलेल्या, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाला परकी माणसे कशी सांभाळतात, त्याची ती अतिशय संयत गोष्ट आहे. मूल काही महिन्यांपासून गप्प असेल, झोप-जेवण बिघडले असेल, तर चित्रपट दाखवून अंदाज घेऊ नये. सरळ विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

कंटाळा आणि आजी-आजोबा

पाऊण तास पाहूनही मूल चुळबुळत असेल, तर चित्रपट थांबवावा आणि तो अपयश मानू नये. उरलेला भाग त्याला एकट्याला पाहायचा असेल तर पाहू द्यावा.

घरात तीन पिढ्या असतील, तर राजेश मापुस्कर यांचा ‘व्हेंटिलेटर’ त्यासाठीच केल्यासारखा आहे. गणपती तोंडावर आले आहेत, गजाकाका अतिदक्षता विभागात आहेत, आणि मुंबईहून व कोकणातून जमलेल्या साऱ्या कामेरकरांना काकांच्या प्रकृतीबरोबर सुतकाचीही काळजी आहे. मुलाशी अबोला धरलेला बाप आणि बापावर रागावलेला प्रसन्न यांची गोष्ट त्या गलबल्यातून हळूहळू पुढे येते. आजी चालू चित्रपटात ‘अगदी आपल्या नानांसारखा’ असे म्हणणार, आजोबा सुतकाचे नियम सांगणार, कोणीतरी चहा ठेवायला उठणार. या चित्रपटाला ते शोभते, म्हणून अडवू नये. उलट, ते नाना कोण, हे मुलाने विचारले तर आजीला सविस्तर सांगू द्यावे आणि तेवढ्यापुरता चित्रपट खुशाल थांबवावा. संवाद नीट ऐकू आले नाहीत अशी मुलाची तक्रार असेल, तर रविवारी दुपारी त्याला तो पुन्हा एकट्याने, हेडफोन लावून पाहता येईल.